माळ्यावर सापडलेल्या ४१ फ्लॉप्या : डायल-अप बोर्डांवरचं आमचं टपाल, खानदेश १९९४–९८

तापीकाठ · शनिवार, रात्री ९:४०

आई गेल्यापासून जळगावचं जुनं घर आवरतोय. काल माळ्यावरून एक स्टीलचा डबा खाली आला. झाकणावर कोरलेलं नाव आमच्या घरातलं नाही, कुणाचा डबा ते आठवतही नाही. आत फ्लॉप्या, एकूण ४१. साडेतीन इंची २९ आणि सव्वापाच इंची १२. लेबलांवर माझं तेव्हाचं अक्षर : ‘आलेलं पॅकेट, अमळनेरला द्यायचं’, ‘उत्तरं, आज रात्री वर चढवायची’. पाऊण तास तिथेच माळ्याच्या शिडीवर बसून होतो.

नव्या मंडळींसाठी थोडं सांगतो. इंटरनेट घराघरांत यायच्या आधी बीबीएस, म्हणजे बुलेटिन बोर्ड, नावाचा प्रकार होता. एखाद्याच्या घरी एक संगणक, एक मॉडेम, एक टेलिफोन लाइन. आपण आपल्या मॉडेमवरून त्या नंबरला फोन लावायचा, तिथले निरोप वाचायचे, आपले ठेवायचे, फोन ठेवून द्यायचा. मग दुसऱ्याचा नंबर लागणार, कारण लाइन एकच. असे बोर्ड रात्री एकमेकांना फोन करून निरोपांची देवाणघेवाण करत, त्या जाळ्याचं नाव फिडोनेट. टॉम जेनिंग्ज यांनी ते १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलं. त्यांच्या नकाशावर आशिया खंड म्हणजे तेव्हा झोन ६.

मी १९९४ साली जळगावात एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. पत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं हा मुख्य धंदा. फिल्म काढायला फाइली मुंबईला पाठवता येतील म्हणून त्यांनी २४०० च्या वेगाचा मॉडेम आणला. फाइली काही गेल्या नाहीत, त्या शेवटपर्यंत रात्रीच्या ट्रॅव्हल्सनंच गेल्या. पण मुंबईतल्या एका बोर्डाचा नंबर आमच्या हाती लागला.

रात्री ११ नंतर एसटीडीला, म्हणजे बाहेरगावच्या फोनला, पाव दर. म्हणून ११ वाजून ५ मिनिटांनी शटर अर्धं खाली ओढून आम्ही बसायचो. आमच्या एक्स्चेंजला टोननं नंबर फिरवणं चालत नव्हतं, त्यामुळे मॉडेमला एटीडीटी नव्हे, एटीडीपी असा हुकूम टाइप करावा लागायचा. मग मॉडेम एकेक आकडा टकटक वाजवत फिरवायचा. शून्याला दहा टकटक, दोनाला दोन. मुंबईचा कोड ०२२, तेवढ्याच चौदा होतात. आमचा डायल टोन त्या परदेशी मॉडेमला ओळखू यायचा नाही, म्हणून आधी एटीएक्स३ द्यायचं, म्हणजे टोनची वाट न बघता तो नंबर फिरवायचा. पाच-सहा वेळा एंगेज. मग एकदाची ती शिट्टी, खरखर, आणि पडद्यावर ‘कनेक्ट’.

२४०० च्या वेगानं सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं येतात. शंभर किलोबाइटचं पॅकेट उतरायला सात मिनिटं, आणि मधे लाइनवर कुणी खाकरल्यासारखा आवाज झाला की ‘नो कॅरिअर’. झेडमोडेम ही फाइल उतरवायची पद्धत होती म्हणून निभावलं. तुटलं तिथूनच ते पुढे चालू व्हायचं, नाहीतर अण्णांनी आठवड्याभरात मॉडेम विकला असता.

वाचणं-लिहिणं सगळं फोन ठेवल्यावर. दिवसभर काम करता करता मनात उत्तर जुळवायचं, संध्याकाळी टाइप करायचं, रात्री वर चढवायचं. आणि आमच्या या एका फोनवर सहा जण होते. दोघे जळगावातले, एक भुसावळचा, एक चाळीसगावचा, धुळ्याची बहीणभाऊ मिळून एक खातं, आणि अमळनेरचे एक सर. त्यांना फ्लॉपी जायची ती भुसावळ-सुरत पॅसेंजरनं, अप-डाऊन करणाऱ्या कुणाच्या तरी हाती. सॅन फ्रान्सिस्कोत कुणीतरी लिहिलेलं मोडेमवरून मुंबईला, मुंबईहून जळगावला आणि तिथून पुढे रेल्वेच्या डब्यात एखाद्याच्या शर्टाच्या खिशात बसून अमळनेरला.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. आमच्यासाठी ते तेव्हाही एसटीडीवरच होतं आणि वर्षाचे पैसे आधी भरायचे. १९९८ च्या पावसाळ्यात एका रात्री मुंबईचा नंबर लावला. शिट्टी आली नाही. मॉडेमच्या स्पीकरमधून एका बाईंचा झोपेतला आवाज आला, “हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?” मी घाईनं रिसीव्हर उचलला. त्या म्हणाल्या, “ते आता बंद केलंय हो. हा घरचा नंबर आहे.” मी माफी मागितली. तेवढंच.

आम्ही सगळे पुढे इंटरनेटवर गेलो. हॉटमेल, याहू, रेडिफ, ज्याला जे मिळालं ते. पण एकमेकांचे नवे पत्ते लिहून घ्यायचं कुणाच्या मनातच आलं नाही. बोर्ड बंद होईल असं वाटलंच नव्हतं. याची खंत मला आजही आहे.

म्हणून तीन गोष्टी विचारतो. या फ्लॉप्या वाचता येतील का? त्या काळी खानदेशातून असं कुणी करत होतं का? आणि यात दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे, ते उघडणं बरोबर आहे का?

---

जुनं_यंत्र · शनिवार, रात्री १०:२५

दादा, पहिली विनंती : एकही फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. खानदेशात ऊन कोरडं असलं तरी माळ्यावर पावसाळ्यात ओल धरतेच. साडेतीन इंचीचं पत्र्याचं झाकण सरकवून आतली चकती उजेडात फिरवून बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी घातलीत तर ड्राइव्हचं हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही त्या हेडनं खरवडल्या जातील. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याचं मऊ फडकं घेऊन हलक्या हातानं पुसता येते.

बाजारातले यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह फक्त साडेतीन इंची वाचतात. सव्वापाचला जुना खरा ड्राइव्ह लागतो आणि त्याला ग्रीझवीझल नावाची छोटी पाटी जोडावी लागते. ती चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे उतरवून घेते, अर्थ नंतर लावायचा. माझ्याकडे दोन्ही आहेत.

फाइलींची शेवटची अक्षरं क्यूडब्ल्यूके अशी आहेत का?

---

तापीकाठ · शनिवार, रात्री १०:४०

लेबलांवर क्यूडब्ल्यूके आहे, काहींवर आरईपी आहे. आरईपी म्हणजे आमची उत्तरं.

---

जुनं_यंत्र · शनिवार, रात्री ११:०५

मग काम सोपं आहे. क्यूडब्ल्यूके म्हणजे आलेल्या निरोपांचं पॅकेट, ती साधी झिप असते. आत मेसेजेस.डॅट नावाची फाइल, तिच्यात सगळं १२८ बाइटच्या कप्प्यांत. प्रत्येक निरोपाचा पहिला कप्पा म्हणजे पाकीट : कुणी, कुणाला, कधी, विषय काय. पुढचे कप्पे म्हणजे मजकूर. ओळ संपली की २२७ क्रमांकाचं अक्षर, ते पडद्यावर गणितातल्या ‘पाय’च्या (π) चिन्हासारखं दिसतं. दिसलं तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही त्या पाकिटावरच आहे. पहिलाच बाइट निरोपाचा प्रकार सांगतो. अधिकचं चिन्ह किंवा तारा असेल तर तो खासगी. फिडोनेटवर दोन प्रकार होते : नेटमेल म्हणजे एकानं एकाला लिहिलेलं, आणि एकोमेल म्हणजे सगळ्यांसमोर, जे एका बोर्डावरून दुसऱ्यावर जगभर उमटत जायचं. एकोमेल लिहिणाऱ्याला ठाऊकच होतं की हे हजारो लोक वाचणार. ते उघडायला हरकत नसावी. खासगी मी वेगळे काढून देईन, न वाचता.

---

केळीचं_खोड · रविवार, सकाळी ७:१५

वाचून बरं वाटलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मी सावद्याचा. आमच्याकडे वडील रोज पहाटे दिल्लीच्या आझादपूर मंडीचा भाव कळावा म्हणून फोनजवळ बसायचे. आधी ट्रंक कॉल, मग एसटीडी. भाव कळला की मग ठरायचं, आज बागेत कापणी लावायची की थांबायचं. केळी कापली की थांबत नाही. त्या काळात तुमच्या बोर्डांनी आम्हाला काय दिलं? काही नाही. हे चिडून म्हणत नाही. ज्याच्याकडे संगणक, मॉडेम आणि इंग्रजी होतं त्याचंच ते जग होतं.

२००१ साली आमच्या बागेत करपा आला. पानं कडेनं पिवळी पडून वाळत होती. ज्याला त्याला विचारलं, ज्यानं त्यानं वेगळी फवारणी सांगितली. मी भुसावळला एका कॅफेत जाऊन बसलो, तासाचे ४० रुपये. तिथल्या मुलानं सिगाटोका, म्हणजे करप्याचं इंग्रजी नाव, शोधून दिलं. दुसऱ्या देशांतल्या केळीच्या पानांचे फोटो निघाले, डागाच्या एकेका टप्प्याचे. आमच्याच बागेत काढल्यासारखे. त्यातली चार पानं छापून आणली आणि वडिलांसमोर ठेवली. ते किती तरी वेळ चष्मा लावून बघत होते. म्हणाले, “म्हंजे तिकडच्या केयीलेबी हेच व्हतं.” रोगट पानं कापून जाळायची, पाणी तुंबू द्यायचं नाही, हे तिथं लिहिलेलं होतं. ते आम्ही केलं.

हे बोर्डावर विचारून मिळालं असतं का? तिथं ओळखीचा माणूस असेल तरच उत्तर. इंटरनेटवर माणूस ओळखीचा नसला तरी चाललं.

---

तापीकाठ · रविवार, सकाळी ८:३०

केळीचं_खोड, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या सहा जणांत एकही शेतकरी नव्हता, हे मला तुमचं वाचताना पहिल्यांदा जाणवलं. इंटरनेट नको होतं असं मी कधीच म्हणणार नाही. माझी तळमळ एवढीच की इकडून तिकडे जाताना आम्ही माणसं बरोबर नेली नाहीत.

---

धुळेकरीण · रविवार, दुपारी १२:५०

दादा, ‘धुळ्याची बहीणभाऊ मिळून एक खातं’ यातली बहीण मीच.

काळजावर हात ठेवून सांगते, वाचून हात थरथरले. १९९६ साली मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. भाऊ जळगावहून फ्लॉपी आणायचा, मी रात्री त्याच्या संगणकावर वाचायचे. सुरुवातीला भावाच्या नावानंच लिहायचे. सी भाषेतल्या पॉइंटरवर मी एक उत्तर दिलं होतं, मुंबईच्या एका मुलाची चूक दाखवून. त्यानं ‘थँक यू भाऊ’ लिहिलं. मग मी अण्णांना निरोप पाठवला की मला माझ्या नावानं लिहायचंय. त्यांनी त्याच रात्री बोर्डाच्या चालकांना लिहून वेगळं खातं काढून दिलं. तो निरोप त्या फ्लॉप्यांत असेल तर मला हवा आहे. खासगी असला तरी माझाच आहे.

आता इंटरनेटबद्दल. सगळे सांगतात की इंटरनेटनं दारं उघडली. माझ्यासाठी आधी एक बंद झालं. फ्लॉपी घरात यायची. इंटरनेटसाठी कॅफेत जावं लागायचं. अरुंद खोली, फळ्यांचे आडोसे, मागे उभी राहून पडद्यात डोकावणारी मुलं. पहिले सहा महिने आई बरोबर यायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची. मी एका तासाचे पैसे देऊन वीस मिनिटांत उठायचे. घरी जोडणी आली २००२ मध्ये, तेव्हा कुठे मी परत मोकळेपणानं लिहायला लागले.

पण त्या वीस मिनिटांत एक गोष्ट मात्र मिळाली. यूजनेट म्हणजे इंटरनेटवरचे जुने चर्चागट. तिथला soc.culture.indian.marathi हा गट मला डेजा न्यूज या साइटवरून वाचता यायचा. अमेरिकेतली मराठी माणसं रोमन लिपीत पुरणपोळीपासून ज्ञानेश्वरीपर्यंत सगळ्यावर भांडत होती. मी धुळ्यात बसून ते वाचत होते. डेजाचा सगळा साठा २००१ साली गुगलनं घेतला, त्यामुळे यूजनेटवरचं बरंचसं बोलणं टिकलं. आपल्या बोर्डांचा असा साठा कुणी केला नाही. तुमच्या डब्यातला आहे तेवढाच.

---

भुसावळ_यार्ड · रविवार, दुपारी ३:२०

काय आठवण काढली भाऊ! मी त्या सहांतला नाही, पण वडील रेल्वेत तारबाबू होते. भुसावळला रेल्वेची स्वतःची तार, स्वतःचे फोन, स्वतःचं एक्स्चेंज. निरोप एका ठेसनावर घ्यायचा, कागदावर उतरवायचा, पुढच्या ठेसनाला द्यायचा. तुमच्या फिडोनेटचं वर्णन वाचलं आणि वाटलं, हे तर वडिलांचंच काम. फक्त कडकट्टच्या जागी शिट्टी.

वडिलांचा एक नियम होता. दुसऱ्याची तार हातातून जाते, तोंडातून नाही. घरी कधी एका शब्दानं सांगितलं नाही कुणाकडे काय झालं ते. तुमच्या बोर्डाच्या चालकालाही सगळ्यांचं टपाल दिसतच असणार ना?

---

तापीकाठ · रविवार, संध्याकाळी ५:००

दिसायचं. चालकांना सगळं उघडं होतं, अण्णांनाही. आमच्या पॅकेटमध्ये सहाही जणांचे खासगी निरोप एकत्र यायचे आणि ते वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर उतरवण्याचं काम माझं. मी वाचले नाहीत. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पाकिटावरचं नाव बघ, आतलं बघू नको.” आज माझं टपाल कुठल्या देशातल्या कुठल्या यंत्रातून जातं ते मला माहीत नाही. तेव्हा ज्याच्या हातून जायचं त्याच्या दुकानात मी चहा प्यायचो.

धुळेकरीण ताई, तुम्ही सापडलात याचा किती आनंद झालाय ते लिहिता येत नाही. भाऊ कसा आहे?

---

धुळेकरीण · रविवार, संध्याकाळी ५:४५

मजेत आहे. नाशिकला असतो. त्याला लिंक पाठवलीये, त्यानं फोन करून सगळा धागा मोठ्यानं वाचून घेतला माझ्याकडून.

---

जुनं_यंत्र · रविवार, संध्याकाळी ६:३०

एक महत्त्वाचं राहिलं. तुम्ही मराठी कसं लिहायचात? रोमनमध्येच ना? मग तुमचं नशीब. रोमन म्हणजे साधी आस्की अक्षरं, १९९४ ची फाइल आज कुठल्याही संगणकावर वाचता येते.

खरी पंचाईत त्यानंतरच्या मराठीची झाली. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण आपल्या घरच्या संगणकांवर ती नीट दिसायला विंडोज २००० आणि एक्सपीची वाट बघावी लागली. मधल्या काळात जो तो आपापला फॉन्ट वापरत होता. कुणाचा ‘क’ हा इंग्रजी के वर, कुणाचा डी वर. फॉन्ट हरवला की पत्र हरवलं. माझ्या स्वतःच्या १९९९ ते २००३ मधल्या ईमेल आजही चिन्हांचा कचरा दिसतात. त्या कशात लिहिल्या होत्या ते मलाच आठवत नाही. तुमचं जुनं टपाल त्या मानानं सुरक्षित आहे.

येत्या रविवारी मी जळगावला येतो, सामान घेऊन. मला वेगळं काही नको, दुपारी भरीत-भाकरी चालेल.

---

बोरीकाठ · सोमवार, रात्री ९:१०

मी अमळनेरचा. ज्या सरांबद्दल लिहिलंय त्यांचा विद्यार्थी. सर आता ८१ वर्षांचे आहेत, कान थोडे कमी झालेत, बाकी खणखणीत. आज संध्याकाळी जाऊन त्यांना धागा वाचून दाखवला. माझ्याशी अहिराणीत बोलतात. म्हणाले, “माले सगळं याद शे. तो पोऱ्या अजून जळगावलेच शे का?”

त्यांचे निरोप उघडायला त्यांची परवानगी आहे. खासगी असले तरी.

---

तापीकाठ · मंगळवार, सकाळी ६:०५

रात्रभर झोप नाही. सरांना माझा नमस्कार सांगा. आहे, जळगावातच आहे.

---

जुनं_यंत्र · पुढचा रविवार, रात्री ८:१५

हिशेब देतो. साडेतीन इंची २९ पैकी २३ पूर्ण उतरल्या, ४ अर्ध्यामुर्ध्या, २ गेल्या. सव्वापाच इंची १२ मी बरोबर नेतोय, त्यातल्या पाचांना बुरशी आहे, पुसून एकेक टाकून बघतो. ताईंचा तो निरोप सापडला, त्यांना पाठवला. बाकीचे खासगी निरोप नावानुसार बंद फाइलींत दादांकडे आहेत. भरीत उत्तम होतं.

---

तापीकाठ · पुढचा रविवार, रात्री १०:३०

सरांचे ५८ निरोप निघाले. त्यातला एक, त्यांच्या परवानगीनं, देवनागरीत करून इथे देतो. जुलै १९९६ चा आहे, मला उद्देशून.

“पॅकेट मिळालं. गाडी दोन तास उशिरा होती, पाऊस जोराचा आहे. उत्तरं सोबत पाठवतो आहे. फ्लॉपी भिजू नये म्हणून हिनं पोळ्यांच्या डब्यात घातली आहे, झाकण घट्ट आहे, उघडताना जपून. फोर्ट्रानच्या प्रश्नाला मी जे लिहिलं आहे ते पाठवण्याआधी एकदा तू तपासून घे. डबा आठवणीनं परत पाठव, ही विचारते आहे.”

वाचलं आणि उठून स्वयंपाकघरात गेलो. डबा ओट्यावरच होता. झाकणावरचं नाव पुन्हा वाचलं, आणि बोरीकाठ यांना फोन करून सरांच्या पत्नीचं नाव विचारलं. तेच.

बहीण म्हणाली, रिकामा द्यायचा नाही. तिनं तिळाच्या वड्या केल्यात. निरोपांची छापील प्रत सरांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात काढली आहे, ती वेगळ्या पिशवीत. उद्या सकाळच्या सुरत पॅसेंजरनं अमळनेरला निघतोय.